आजीची मोरस आणि दुसऱ्यांचे पूर्वज

आमची आजी साखरेला 'मोरस' म्हणायची. "चहात मोरस कमी पडली गो," असं ती म्हणाली की आम्ही मुंबईची नातवंडं हसायचो. रत्नागिरीकडच्या तिच्या वयाच्या बऱ्याच बायका तेच म्हणायच्या. गूळ तो गूळ, आणि पांढरी दाणेदार ती मोरस. या शब्दाचा उगम मला फार उशिरा कळला. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात तिथली साखर जहाजांनी मुंबईला यायची, तिथून कोकणात पोचायची, आणि त्या बेटाचं नाव आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्याला चिकटलं.

हे कळल्यावर मला मोठी गंमत वाटली होती. चार मित्रांना सांगितलंही. पण ती साखर पिकवली कुणी, हा प्रश्न काही मनात आला नाही. तो यायला मला मॉरिशसला जावं लागलं, आणि तिथे एक चुकीचं वाक्य बोलावं लागलं.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा डोंगर आहे. समुद्राला लागून उभा, साडेपाचशे मीटर उंच, कडे सरळ तुटलेले. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथे आसरा घ्यायचे. तिथली कथा अशी सांगतात: १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. ही बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्या लोकांना वाटलं, आपल्याला धरायला आले. पुन्हा मळ्यावर जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ साली युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारसास्थळ ठरवलं. १ फेब्रुवारीला आजही मॉरिशसमध्ये सुट्टी असते.

ही कथा मला आमच्या टॅक्सीवाल्याने सांगितली. पन्नाशीचा, क्रिओल माणूस. मॉरिशसमध्ये क्रिओल म्हणजे मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज. मी हेलावलो होतो. जवळीक दाखवावी म्हणून मी म्हणालो, "आमच्या कोकणातूनही माणसं आणली होती इथे उसात राबायला. आमच्या लोकांनीही खूप सोसलं."

तो थोडा वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "सोसलं ना. पण तुमच्या लोकांकडे कागद आहे."

कागद असणं म्हणजे काय

गुलामगिरी संपत आली तसे मळेवाले नव्या मजुरांच्या शोधात लागले. १८३४पासून पुढे जवळपास पाऊण शतक हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, सुमारे साडेचार लाख. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे, आणि काही मुंबईहून. या मुंबईच्या जहाजांत रत्नागिरीची, सावंतवाडीची, घाटावरची माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' झाली आहे.

हे मजूर पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरायचे तो आप्रवासी घाट. त्यालाही युनेस्कोचा दर्जा आहे, २००६पासून. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, सगळं वहीत चढायचं. पुढे तर फोटोही काढले जाऊ लागले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथला एखादा मराठी माणूस आजही पणजोबाचा कागद काढू शकतो. त्यावर कोकणातल्या गावाचं नाव असतं, इंग्रज कारकुनाने ऐकून वाकडंतिकडं लिहिलेलं, पण असतं.

या कागदामागे दया नव्हती. मजुरांवर नजर ठेवायची होती म्हणून तो केला. करारही पुष्कळदा फसवणुकीचा असायचा. पण कागदावर माणूस माणूस म्हणून होता, कुणाचा तरी मुलगा, कुठल्या तरी गावचा.

गुलामांच्याही नोंदी होत्या. त्या मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होत्या, मालकाने ठेवलेल्या नावाने. गाव नाही, बापाचं नाव नाही. गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने साम्राज्यभरासाठी २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली, ती मालकांना. ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना काहीही मिळालं नाही, आणि वर आणखी काही वर्षं 'शिकाऊ' या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावं लागलं.

म्हणजे त्या टॅक्सीवाल्याला पूर्वजांबद्दल काही खात्रीचं कळायचं असेल तर मोठा आधार उरतो तो मातीचा. मोडक्या चाळींचे पाये, चुलीची राख, मातीचे चिलीम, बटणं, आणि हाडं. ल मॉर्नच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या दफनभूमीत २०१०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथे लहान मुलांची, तान्ह्या बाळांचीही हाडं मिळाली. या कुणाचंच चरित्र कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

तर माझा प्रश्न इथून सुरू होतो. ज्या माणसांची एकमेव वही जमिनीत आहे, ती वही उघडायचा अधिकार कुणाचा? ज्याला वाचता येतं त्याचा, की ज्याच्या घरची ती आहे त्याचा?

न विचारता उघडलेली वही

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते न्यू यॉर्कमध्ये. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ब्रॉडवेला लागून, अमेरिकेच्या केंद्र सरकारला चौतीस मजली कचेरी बांधायची होती. १९९१ साली पाया खणण्याआधीच्या तपासणीत जमिनीखाली पाच ते आठ मीटर खोल माणसांचे सांगाडे लागले. जुन्या नकाशांवर त्या जागेची नोंद होती: निग्रोंची दफनभूमी. तिथे १७९४पर्यंत पुरलं जात होतं, आणि एकूण दफनं पंधरा हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज आहे.

न्यू यॉर्कमध्ये गुलाम होते हेच अनेक अमेरिकनांना तेव्हा नवीन होतं. गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतले कापसाचे मळे, अशी समजूत. प्रत्यक्षात ज्या भिंतीवरून वॉल स्ट्रीटला नाव पडलं ती भिंतही गुलामांच्या श्रमातून उभी राहिली होती.

सरकारी खात्याला घाई होती. खणणं सुरू राहिलं. काँक्रीट ओतताना काही थडगी उद्ध्वस्त झाली. शहरातले कृष्णवर्णीय लोक चिडले. त्यांनी जागेवर पहारा दिला, प्रार्थना केल्या, मोर्चे काढले. तेव्हाचे महापौर डेव्हिड डिंकिन्स, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रकरण संसदेत गेलं आणि १९९२मध्ये उत्खनन थांबलं. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले होते.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकांची मागणी 'अभ्यास बंद करा' एवढीच नव्हती. त्यांनी विचारलं की अभ्यास कोण करणार आणि कशाचा करणार. अवशेष वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात हलवले गेले. हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ. मानववंशशास्त्रज्ञ मायकल ब्लेकी यांच्याकडे अभ्यासाचं नेतृत्व आलं. ब्लेकी यांची भूमिका अशी होती की या कामाचे ग्राहक दोन आहेत. पैसे देणारं सरकारी खातं हा एक. दुसरा, ज्याला नैतिकदृष्ट्या उत्तर द्यायचं आहे तो वंशज समाज. या दुसऱ्या ग्राहकाशी बोलून संशोधनाचे प्रश्न ठरले. ही माणसं आली कुठून? इथे आल्यावर त्यांच्यात काय बदल झाले? ती जगली कशी? आणि त्यांनी विरोध कसा केला?

नुसती हाडं मोजणारा शास्त्रज्ञ 'वंश' ठरवून मोकळा झाला असता. 'कुठून' आणि 'विरोध' हे शब्द यादीत आले ते लोकांच्या रेट्याने. आणि त्यामुळे शास्त्राचं नुकसान तर सोडाच, फायदाच झाला. एका स्त्रीच्या कमरेभोवती मण्यांची आणि कवड्यांची माळ होती, दात आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे घासून आकार दिलेले होते. 'कुठून' हा प्रश्न नसता, तर ते मणी नुसते मणी राहिले असते. विशीतल्या एका तरुणीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी होती, चेहऱ्यावर मारहाणीच्या खुणा होत्या. 'विरोध' हा प्रश्न असल्यामुळे तिच्याकडे पाहताना नजर मृत्यूच्या कारणावर थांबत नाही.

ऑक्टोबर २००३मध्ये घानात कोरून घेतलेल्या शवपेट्यांमधून ४१९ जणांना वॉशिंग्टनहून वाटेतली शहरं घेत न्यू यॉर्कला परत आणलं आणि त्याच जागी पुरलं. अठराव्या शतकात त्या शहरात गुलामांना रात्री पुरायला बंदी होती आणि प्रेतयात्रेला बारापेक्षा जास्त गुलाम जमायला मनाई होती. २००३च्या प्रेतयात्रेला हजारो माणसं आली.

बोलावणं आणि मत

आज जगभर गुलामगिरीच्या पुरातत्त्वात 'स्थानिकांचा सहभाग' हा परवलीचा शब्द झाला आहे. हे चांगलंच आहे. पण 'सहभाग' या शब्दाची मला थोडी भीती वाटते. आपल्याकडे ग्रामसभेत सही-अंगठा घेऊन झाला की सहभाग झाला, तसंच हे होऊ शकतं. स्थानिकांना फावडं द्यायचं, टोपी द्यायची, फोटो काढायचा. कुठे खणायचं, काय शोधायचं, मिळालेलं कुठे ठेवायचं, हे मात्र आधीच ठरलेलं.

व्हर्जिनियातलं माँटपेलियर हे अमेरिकेच्या राज्यघटनेचे शिल्पकार मानल्या जाणाऱ्या जेम्स मॅडिसन यांचं घर आणि मळा. त्या घराण्याच्या काळात तिथे तीनशेहून अधिक गुलाम राबले. अलीकडच्या काळात तिथे वंशजांना सोबत घेऊन उत्खनन झालं, गुलामांच्या आयुष्यावर नावाजलेलं प्रदर्शन उभं राहिलं. २०२१च्या जूनमध्ये विश्वस्त मंडळाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: कारभारात वंशजांच्या समितीला बरोबरीचा वाटा द्यायचं ठरवलं. पण मार्च २०२२मध्ये मंडळाने तो निर्णय फिरवला. विरोध करणाऱ्या काही वरिष्ठ कर्मचाऱ्यांना, त्यात पुरातत्त्व विभागाचे प्रमुखही होते, कामावरून काढलं. देशभर टीका झाली. शेवटी मे महिन्यात वंशजांच्या यादीतले अकरा नवे सदस्य मंडळावर घेतले गेले.

माँटपेलियरची गोष्ट मला नेमकी वाटते, कारण तिथे माणसं वाईट नव्हती. वंशजांनी खणायला यावं, आठवणी सांगाव्यात, प्रदर्शनात त्यांचे चेहरे असावेत, हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण पेटलं ते मतांची संख्या बरोबरीला येऊ लागली तेव्हा. यजमान प्रेमाने आग्रह करकरून वाढतो, पण किल्ल्या मागितल्या की चेहरा बदलतो, तसं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. स्थानिक लोक 'नाही' म्हणाले तर काम थांबेल का? थांबणार नसेल तर तो सहभाग नाही. ती फक्त सूचना आहे.

तीन अडचणी

हे लिहिणं सोपं आहे, पण यात खऱ्या अडचणी आहेत आणि त्या झाकून चालणार नाही.

पहिली: लोकांना जे हवं असतं ते खरं असेलच असं नाही. न्यू यॉर्कच्या एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती काढलेली होती. ती घानाच्या अकान लोकांचं 'सँकोफा' हे चिन्ह असावं असा अर्थ लावला गेला. मागे वळून आपलं विसरलेलं घेऊन या, असा काहीसा त्याचा आशय. लोकांना ते इतकं भिडलं की स्मारकावर ते कोरलं आहे. पुढे एका इतिहासकाराने शंका काढली: त्या काळच्या इंग्रजी शवपेट्यांवरही हृदयाची आकृती असायची, मग हे आफ्रिकी चिन्ह कशावरून? शंका रास्त आहे. माझ्या मते ती जाहीरपणे काढलीच पाहिजे. प्रश्न कोणता विचारायचा हे लोकांनी ठरवावं, उत्तर काय यावं हे कुणीच ठरवू नये. आणि ज्या शास्त्रज्ञाने आधी परवानगी मागितली आहे, त्याच्या तोंडून नावडतं उत्तरही ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी: 'लोक' म्हणजे एक माणूस नव्हे. ल मॉर्नहून परतताना मी त्या टॅक्सीवाल्याला विचारलं होतं, थडगी खणावीत असं वाटतं का? तो हसला. म्हणाला, "माझ्या घरातच दोन पक्ष आहेत. मुलीला सगळं जाणून घ्यायचंय, आपण मोझांबिकचे की मादागास्करचे. आणि माझी आई म्हणते, मेलेल्यांना एकदा झोपू द्या." दोघींपैकी चूक कोण? मला दोघी बरोबर वाटतात. पण घरात दोन मतं आहेत म्हणून शेजाऱ्याने येऊन निर्णय घ्यावा, असं आपण कुठल्याच घराबद्दल म्हणत नाही. वेळ लागेल, वाद होतील, कधी निकालच लागणार नाही. न्यू यॉर्कमध्ये खणण्यापासून पुन्हा पुरण्यापर्यंत बारा वर्षं गेली. आणि पुन्हा पुरलं की उद्याच्या नव्या तंत्राने त्या हाडांना काही विचारायची संधी जवळपास जाते. हे नुकसान खरं आहे. तरी मला ते मान्य आहे. ज्यांच्या देहावर जिवंतपणी दुसऱ्यांचा हक्क चालला, त्यांच्या हाडांवर मेल्यानंतर ज्ञानाच्या नावाने पुन्हा दुसऱ्यांचाच हक्क चालावा, हे मला पटत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड. वंशज जागेवर नसतीलच तर? दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर, जिथे नेपोलियन वारला, एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतले हजारो आफ्रिकी लोक उतरवले गेले. अनेक जण उतरताच किंवा थोड्या दिवसांत मेले. रुपर्ट्स व्हॅलीत त्यांना घाईघाईने पुरलं. विमानतळाच्या कामासाठी २००८च्या सुमारास तिथून ३२५ सांगाडे काढले गेले आणि ते कितीतरी वर्षं गोदामात खोक्यांत पडून राहिले. त्यांच्यावर हक्क सांगणारं कुणी जवळ नव्हतं. शेवटी बेटावरच्याच काही लोकांनी हा विषय लावून धरला. ते या मृतांचे रक्ताचे वारस नव्हते. २०२२मध्ये ते अवशेष सन्मानाने पुरले गेले.

देणेकरी

सेंट हेलेनाच्या गोष्टीने माझा एक गोंधळ सुटला. मॉरिशसमध्येही 'स्थानिक' आणि 'वंशज' हे एकच नाहीत. कितीतरी जुन्या मळ्यांवर गुलाम गेल्यावर करारावरचे हिंदुस्थानी आले. त्याच उसात, त्याच कोठ्यांच्या आसपास त्यांची वस्ती झाली. आज त्या मळ्याशेजारी उत्खनन करायचं तर आसपासच्या गावात भेटणारे 'स्थानिक' पुष्कळदा हिंदुस्थानी वंशाचे असतील, कदाचित मराठीही. २००९मध्ये मॉरिशसने सत्य आणि न्याय आयोग नेमला तेव्हा गुलामगिरी आणि करारमजुरी या दोन्हींचा विचार एकत्र केला, आणि ते योग्यच होतं. पण एकत्र विचार करणं म्हणजे दोन्ही दुःखं एकच मानणं नव्हे. टॅक्सीत बसून मी नेमकं तेच केलं होतं. त्याच्या पूर्वजांच्या डोंगराखाली मी माझ्या पूर्वजांची खुर्ची टाकली होती.

मग तिथल्या मराठी माणसाने, किंवा माझ्यासारख्याने, करायचं काय? गप्प बसायचं? मला तसं वाटत नाही. सेंट हेलेनाचे लोक गप्प बसले असते तर खोकी गोदामातच राहिली असती. माणसाचं मृतांशी नातं दोन प्रकारचं असू शकतं. वारस असतो, तसा देणेकरीही असतो. वारसाचा हक्क असतो. देणेकऱ्याचं फक्त काम असतं. जमीन राखणं, कुणी बुलडोझर आणला तर आडवं पडणं, वारस सापडेपर्यंत दार उघडं ठेवणं, आणि वारस आल्यावर बाजूला होणं. न खणण्याचा निर्णय त्यांनी घेतला तर तो आपलाच असल्यासारखा पाळणं.

आणि आपण देणेकरी आहोत ते केवळ त्या मळ्यांवर नंतर राबायला गेलो म्हणून नाही. कोकणातल्या घराघरांत ती साखर येत होती. ज्या मळ्यांची घडी गुलामांच्या श्रमांवर बसली, त्यांचा गोडवा आमच्या चहात होता, आणि त्या बेटाचं नाव आम्ही इतकं आपलंसं केलं की ते कुठून आलं तेच विसरलो.

आजी आता नाही. आईच्या स्वयंपाकघरात तिचा पितळी डबा आहे, आणि आई त्याला साखरेचा डबा म्हणते. परवा माझ्या भाचीने विचारलं, "मामा, पणजी साखरेला मोरस का म्हणायची?" पूर्वी मी गंमत म्हणून सांगितलं असतं. या वेळी तिला बसवून सगळं सांगितलं. डोंगराचं, कागदाचं, त्या लहान मुलांच्या हाडांचंही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या बाळांची नावं कुणालाच माहीत नाहीत?"

मी म्हटलं, नाही.